मॉनिटर फोर-के, मग चित्र का अडखळतं? लॅपटॉप, हब आणि मोठे स्क्रीन

(नावडे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय टेबलावरचा आहे. लॅपटॉपला बाहेरचा मोठा मॉनिटर जोडायचा, तोही फोर-के, जमलं तर दोन जोडायचे, आणि हे सगळं एका छोट्याशा हबमधून. घरून काम करणारे, इथे तळोजा एमआयडीसीच्या कामांची ड्रॉइंग्ज काढणारे, डीटीपीवाले, एक्सेलच्या पन्नास कॉलमांत दिवस काढणारे, सगळ्यांकडे हा प्रश्न आलेला आहे. नव्या लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असतात, नशीब असेल तर एखादं एचडीएमआय. त्यामुळे हब घ्यावाच लागतो.

आणि मग तक्रार ठरलेली असते. मॉनिटर चालू होतो, चित्र सुरेख दिसतं, पण माउस हलवला की पॉइंटर अडखळत जातो. पान खाली सरकवलं की अक्षरं उड्या मारतात. दोन तास काम केलं की डोळे आणि डोकं दोन्ही जड. मग कोणी मॉनिटर परत करतं, कोणी लॅपटॉप फॉरमॅट करून घेतं. बऱ्याचदा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. सगळं नियमाप्रमाणेच चाललेलं असतं, फक्त तो नियम खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला नसतो.

तो नियम असा की हब क्षमता तयार करत नाही, तो फक्त वाटणी करतो. लॅपटॉपच्या पोर्टातून जेवढं येतं, तेवढ्याचीच वाटणी. आज आपण ती वाटणी कागदावर मांडून बघू. गुणाकार येत असेल तर पुरे.

आधी हिशोब

फोर-के म्हणजे स्क्रीनवर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. गुणाकार केला तर ८२,९४,४०० ठिपके. त्र्याऐंशी लाखच म्हणा. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट लागतात. म्हणजे एका चित्राला साधारण वीस कोटी बिट. आणि स्क्रीन काही फोटो नव्हे. ते चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचं असतं, त्यालाच आपण ६० हर्ट्झ म्हणतो. वीस कोटी गुणिले साठ, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट. दोन चित्रांच्या मधे थोडी मोकळी जागा सोडावी लागते, ती धरली तर साडेबारा. हा आकडा लक्षात ठेवा: फोर-के, ६० हर्ट्झ, साडेबारा गिगाबिट.

बाकीचे आकडे याच रीतीने काढा. साधा फुल एचडी मॉनिटर ६० हर्ट्झला ३ गिगाबिटच्या आसपास घेतो. २५६० बाय १४४०चा, ज्याला दुकानात टू-के किंवा क्यूएचडी म्हणतात, तो साडेपाच. आणि फोर-के जर सेकंदाला ३० वेळाच पाठवलं तर सहाच्या थोडं वर.

हे ३० हर्ट्झच आपल्या तक्रारीचं मूळ आहे. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं, ३० हर्ट्झला ३३. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण सिनेमा मुळातच सेकंदाला २४ चित्रांचा असतो. पण माउस तुमच्या हातात आहे. हात हलतो आणि डोळ्यांना ते उशिरा कळतं, म्हणून अडखळल्यासारखं वाटतं.

टाइप-सीच्या आतली चार लाइन

आता पाइपाकडे येऊ. टाइप-सी हे तोंड २०१४ साली आलं. आत २४ पिना आहेत, पण आपल्या कामाच्या आहेत वेगवान तारांच्या चार जोड्या. त्याच वर्षी एक सोय जाहीर झाली: या तारांवरून यूएसबीचा डेटा न पाठवता थेट डिस्प्लेपोर्टचं चित्र पाठवायचं. तिला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. आपला हब चालतो तो या सोयीवर.

आपण रेल्वेवाले लोक, तर रेल्वेनेच समजून घेऊ. आपल्या दिवा-पनवेल मार्गावर नावडे रोडला मेमू थांबते, त्याच रुळांवरून कोकणात जाणाऱ्या गाड्या जातात आणि बंदराच्या मालगाड्याही. रूळ तेवढेच, गाड्या तीन तऱ्हेच्या. पलीकडे ठाणे ते दिवा बघा. तिथे लोकल आणि मेल-एक्स्प्रेस एकमेकींच्या वाटेत यायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हा कुठे लांबच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली. टाइप-सीमध्ये मात्र पाचवी-सहावी घालता येत नाही. लाइन चारच. त्यातल्या चित्राला किती आणि मालगाडीला, म्हणजे पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, लॅनच्या डेटाला किती, हे ठरवावं लागतं.

वाटणीच्या दोनच रीती आहेत. एक, चारही लाइन चित्राला द्यायच्या. मग यूएसबीला उरतात जुन्या यूएसबी २.० च्या वेगळ्या तारा, ४८० मेगाबिटच्या. कीबोर्ड-माउसला त्या भरपूर झाल्या, पण हार्डडिस्कवर मोठी फाइल टाकायला बसलात तर चहा होईल. दुसरी रीत, दोन लाइन चित्राला आणि दोन यूएसबीला. मग हार्डडिस्क पळते, पण चित्राची वाट अर्धी झाली.

तुमचा सात-आठ तोंडांचा हब, ज्यावर निळ्या रंगाची वेगवान यूएसबी पोर्टं आहेत, तो बहुतेक करून दुसऱ्या रीतीचा असतो. दोन अधिक दोन.

दोन लाइनमधून किती जातं?

हे लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टच्या पिढीवर आहे. २०१० साली आलेल्या डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एका लाइनवरून कामाचे ४.३२ गिगाबिट जातात. २०१६ च्या १.४ मध्ये ६.४८.

आता जुन्या पिढीचा लॅपटॉप आणि दोन लाइनचा हब घ्या. ४.३२ दुणे ८.६४. फोर-के ६० हर्ट्झला लागतात साडेबारा. बसत नाही. लॅपटॉप आणि मॉनिटर आपसात बोलतात, बसेल ते शोधतात, आणि ३० हर्ट्झवर तडजोड होते. तुम्हाला कोणी विचारत नाही, स्क्रीनवर सूचना येत नाही, चित्र मात्र दिसतं. म्हणून माणूस फसतो.

नव्या पिढीत, ६.४८ दुणे १२.९६. साडेबाराला काठोकाठ पुरलं! म्हणजे तोच मॉनिटर, तोच दोन लाइनचा हब, पण लॅपटॉप आणि हबमधली चिप दोन्ही १.४ ची असतील, तर ६० हर्ट्झ मिळतं. एकाला जमलं आणि त्याच मॉनिटरवर दुसऱ्याला का जमलं नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

पुढचा टप्पा एचडीएमआयचा. हबला बाहेर एचडीएमआयचं तोंड असतं, म्हणजे आत डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारी एक चिप असते. ती चिप कुठल्या पिढीची? २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून कामाचे ८.१६ गिगाबिट जातात, म्हणजे फोर-के तीसच. २०१३ च्या एचडीएमआय २.० मधून १४.४, म्हणजे फोर-के साठ. स्वस्त हबमध्ये अजूनही १.४ ची चिप सापडते. खोक्यावर ठळक अक्षरांत फोर-के, आणि मागे बारीक अक्षरांत ३० हर्ट्झ. खोटं काहीच लिहिलेलं नाही. वाचायचं ते आपणच वाचलेलं नसतं.

सांगायचं काय, की लॅपटॉपचं पोर्ट, हबची चिप, केबल आणि मॉनिटरचं तोंड ही साखळी आहे. सगळ्यात अरुंद कडी जेवढं सोडेल तेवढंच स्क्रीनवर दिसणार. बाकीच्या तीन कड्यांवर कितीही पैसे ओता.

चित्रच येत नाही तेव्हा

कधीकधी तिसाचीही गोष्ट नसते, स्क्रीन काळाच राहतो. त्याची दोन नेहमीची कारणं.

पहिलं, लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट फक्त डेटाचं असतं. टाइप-सी हा नुसता आकार आहे. आतून चित्र येईलच असं नाही. कमी किमतीच्या बऱ्याच लॅपटॉपांत ते पोर्ट फक्त पेनड्राइव्हसाठी असतं. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण, म्हणजे डी आणि पी एकत्र विणल्यासारखं चिन्ह, किंवा थंडरबोल्टची वीज दिसली तर चित्र येणार. खूण नसेल तर मॉडेल नंबर घालून कंपनीच्या पानावर बघा. दुकानदाराला नाही विचारायचं, पानावर बघायचं.

दुसरं, केबल. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चार्जरबरोबर आलेल्या बऱ्याच टाइप-सी केबलींत त्या वेगवान जोड्या घातलेल्याच नसतात. वीज जाते आणि यूएसबी २.० चा डेटा जातो, बस. दिसायला अगदी सारखी. रूळच नाहीत तर गाडी जाणार कुठून? मॉनिटरच्या खोक्यातली केबल आधी लावून बघा.

विजेचंही बोलून घेऊ. चार्जर हबला लावून हबमधून लॅपटॉप चार्ज करणारे आहेत. हब स्वतःसाठी थोडी वीज ठेवतो. समजा चार्जर ६५ वॉटचा आहे आणि हबने १५ ठेवले, तर लॅपटॉपला मिळाले ५०. काम जड असेल तर चार्जिंग चालू असूनही बॅटरी उतरत जाते. म्हणून हब किती वॉट पुढे देतो, हेही वाचा.

दोन मॉनिटर: इथे तीन वाटा आहेत

एका हबवर दोन एचडीएमआय दिसले म्हणजे दोन वेगळे स्क्रीन मिळतीलच, असं समजू नका.

पहिली वाट, एमएसटी. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून एकाच धारेत दोन-तीन स्क्रीनची चित्रं घालून पाठवता येतात, हब ती वेगळी करतो. विंडोजवर हे चालतं. पण बेरीज करायची! चारही लाइन मिळाल्या तर १.२ मध्ये १७.२८ गिगाबिट. दोन क्यूएचडी मिळून अकरा, आरामात बसले. एक फोर-के आणि एक फुल एचडी मिळून साडेपंधराच्या पुढे, बसले. दोन फोर-के म्हणजे पंचवीस, नाही बसले. १.४ मध्ये चार लाइनचे २५.९२, म्हणजे दोन फोर-के काठोकाठ. शिवाय डीएससी नावाची दाबण्याची पद्धत आहे, डोळ्यांना फरक जाणवू नये अशी. लॅपटॉपचं ग्राफिक्स आणि हब दोघांनाही ती येत असेल तर कमी लाइनमध्येही जास्त बसतं.

दुसरी वाट, थंडरबोल्ट. तोंड तेच टाइप-सीचं, पण ४० गिगाबिटची वाट, आणि चित्र-डेटा दोन्ही त्यात मिसळून जातात. दोन अधिक दोनचं भांडण तिथे नाही. २०२० मध्ये आलेल्या थंडरबोल्ट ४ ला अटच आहे की दोन फोर-के स्क्रीन चालले पाहिजेत. डॉक महाग असतो, आणि लॅपटॉपच्या पोर्टात थंडरबोल्ट नसेल तर त्या पैशांचा उपयोग नाही.

तिसरी वाट, डिस्प्लेलिंक. यात चित्र आधी लॅपटॉपवर एका सॉफ्टवेअरने दाबलं जातं आणि साध्या यूएसबी डेटासारखं पाठवलं जातं. पलीकडे डॉकमधली चिप ते उलगडते. म्हणजे मेमूचे प्रवासी मालगाडीतून पाठवल्यासारखं झालं. एक्सेल, ईमेल, ब्राउझर यांना चालतं. पण प्रोसेसरवर ताण येतो, वेगवान गेमला योग्य नाही, आणि संरक्षित सिनेमे काही वेळा काळे दिसतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसेल तर ही वाट बंदच समजा.

मराठी वाचणाऱ्यांसाठी फोर-के का?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फुल एचडी काय वाईट? वाईट नाही. पण आपली लिपी बघा. रोमन अक्षर एका ओळीत बसतं. आपल्याला वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मधे जोडाक्षर. 'राष्ट्र' किंवा 'कर्तृत्व' हे शब्द छोट्या अक्षरांत २४ इंची फुल एचडीवर वाचा. तिथे एका इंचात साधारण ९२ ठिपके असतात. 'ष्ट्र'चा गोळा होतो, रफार आहे की मात्रा आहे हे डोळे बारीक करून बघावं लागतं. २७ इंची फोर-केवर एका इंचात १६३ ठिपके. तेच अक्षर छापल्यासारखं दिसतं. मुद्रितशोधन करणाऱ्याला, सातबारा आणि जुनी दस्तं तपासणाऱ्याला हा फरक दिवसाच्या शेवटी कळतो.

म्हणूनच फोर-के घेऊन ते ३० हर्ट्झवर चालवणं हा तोटा आहे. अक्षर सुधारलं आणि हालचाल बिघडली. तसा प्रसंग आला, तर २५६० बाय १४४०, ६० हर्ट्झ हा शहाणा पर्याय आहे. तो साडेपाच गिगाबिटात जुन्या दोन लाइनच्या हबमधूनही आरामात जातो.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका ताईंचा प्रश्न: माझं मॅकबुक आहे. हबला दोन मॉनिटर लावले तर दोन्हींवर तेच चित्र येतं. हब खराब आहे का?*

नाही ताई, हब ठीक असेल. मॅकची सिस्टिम एमएसटीवरून दोन वेगळे स्क्रीन देत नाही, एकाचीच नक्कल दुसऱ्यावर दिसते. दुसरं म्हणजे चिप बघा. २०२० ची साधी एम१ आणि २०२२ ची साधी एम२ असलेली मॅकबुक एअर बाहेरचा एकच स्क्रीन चालवतात. २०२४ च्या एम३ एअरला दोन चालतात, पण झाकण बंद ठेवून. २०२५ च्या एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन. जुन्या एअरवर दोन हवेतच, तर डिस्प्लेलिंकची वाट उरते.

*प्रश्न: घरचा फोर-के टीव्ही मॉनिटर म्हणून वापरतो. साठ हर्ट्झ दाखवतोय, तरी अक्षरं पुसट का?*

वाट अरुंद असली की काही उपकरणं दुसरी तडजोड करतात. वेग ६० ठेवतात आणि रंगाची माहिती कमी करतात. चार ठिपक्यांना मिळून एकच रंग. सिनेमात कळत नाही, पण लाल किंवा निळं बारीक अक्षर लगेच फिसकटतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय तोंडासाठी वाढीव सिग्नलचा पर्याय असतो, तो चालू करा. इनपुटचं नाव पीसी असं ठेवायची सोय असेल तर तेही करा. आणि हब एचडीएमआय २.० चा आहे ना, ते बघा.

*प्रश्न: माझं तीसवर चाललंय की साठवर, हे कळणार कसं?*

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, आणि त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधलं डिस्प्लेज. तिथे रिफ्रेश रेट लिहिलेला असतो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही दिसतो. त्याच मेनूत अजून दोन गोष्टी बघा. काही मॉनिटर कारखान्यातून जुन्या एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवर ठेवलेले येतात, तो पर्याय बदलता येतो. आणि ज्या मॉनिटरला स्वतःचं टाइप-सी आहे, त्यांत कधीकधी जास्त रिझोल्यूशन की जास्त डेटावेग असा पर्याय असतो. आता तुम्हाला कळेल तो काय विचारतोय. चार लाइन चित्राला, की दोन-दोन.

*एका काकांचा प्रश्न: मग खरेदीला जाताना काय बघायचं, एवढंच सांगा.*

सांगतो काका. आधी लॅपटॉपचा मॉडेल नंबर घ्या आणि त्याच्या पोर्टातून चित्र येतं का, डिस्प्लेपोर्टची पिढी कुठली, थंडरबोल्ट आहे का, हे लिहून काढा. मग किती स्क्रीन हवेत आणि कुठले, त्यांची बेरीज करा: फुल एचडीला ३, क्यूएचडीला साडेपाच, फोर-केला साडेबारा. मग हब शोधा, आणि त्यावर फोर-के हा शब्द वाचू नका, फोर-केच्या पुढचा हर्ट्झचा आकडा वाचा. आकडा लिहिलेलाच नसेल तर तीस धरा. शेवटी, तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआय २.० चं तोंड असेल आणि स्क्रीन एकच हवा असेल, तर मॉनिटर थेट तिथे लावा आणि हब फक्त कीबोर्ड, लॅन, पेनड्राइव्हला ठेवा. एवढं केलं तर लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, दुसऱ्यांदा परत करायला जावं लागणार नाही.

वेळ संपली आहे.